मुक्या सोबत्याचा निरोप

माणसाला दुखलं तर तो सांगतो. पोटात दुखतं, पाय ठणकतो, आता सहन होत नाही, असं त्याला बोलता येतं. जनावराला बोलता येत नाही. ते कोपऱ्यात जाऊन बसतं. खाणं सोडतं. हाक मारली तर शेपटी हलवतं, पण उठत नाही. त्याचं दुखणं आपल्यालाच ओळखावं लागतं. आणि दुखणं बरं होण्यापलीकडे गेलं, तर पुढं काय करायचं हेही आपल्यालाच ठरवावं लागतं.

हा पाठ त्या ठरवण्याविषयी आहे. पाळलेलं कुत्रं किंवा मांजर फार आजारी आहे. डॉक्टर म्हणतात, आता उपाय नाही. ते तळमळत आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या हातून सुई देऊन त्याला शांतपणे मरण द्यावं का? यालाच दयामरण म्हणतात. विषय जड आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या गावांत पुष्कळ घरांनी कुत्री-मांजरं पाळली आहेत. तेव्हा हा प्रसंग आज ना उद्या त्यांच्यावर येणारच. प्रसंग अंगावर आला म्हणजे डोकं चालत नाही. म्हणून आधीच विचार करून ठेवलेला बरा.

एका घरातलं बोलणं

समजा, बदलापुरात नदीच्या बाजूला एक घर आहे. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा पहाटेच्या लोकलनं मुंबईला कामाला जातो. सून अंबरनाथला कारखान्यात जाते. दिवसभर घर राखतो तो मोत्या. मोत्या तेरा वर्षांचा आहे. थोरली नात त्याच्या पाठीवर हात टेकूनच उभं राहायला शिकली.

पावसाळ्यापासून मोत्या खंगत चालला. पाणी फार प्यायचा, पण भाकरीला तोंड लावायचा नाही. ओकाऱ्या व्हायच्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "याची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. हा आजार मागं फिरत नाही. सलाईन आणि औषधं देऊ, काही दिवस बरं वाटेल." तीन आठवडे बरे गेले. मग मोत्यानं अंथरूण धरलं. उठता येईना. बसल्या जागी लघवी व्हायला लागली. रात्रभर कण्हायचा.

डॉक्टर म्हणाले, "याला बरं करणारं औषध आता माझ्याकडे नाही. तुमची तयारी असेल तर त्याला शांतपणे सोडवता येईल. घरी जा. सगळे मिळून विचार करा."

रात्री घरात बोलणं निघालं.

आजी म्हणाली, "जीव आपण दिला नाही. मग घेणारे आपण कोण? त्याचे भोग आहेत. ते भोगूनच तो जाईल."

शेजारचे काका आले होते. ते म्हणाले, "वहिनी, एवढं मनाला कशाला लावून घेता? रिक्षात घाला आणि बारवी धरणाच्या वाटेला नेऊन सोडा. रानात आपोआप जाईल. तुमच्या हातून काही घडलं नाही, म्हणजे पापही नाही."

सून आजीला म्हणाली, "आई, तो रात्रभर कण्हतो हो. मला ऐकवत नाही."

मुलगा गप्प होता. खर्चाचा आकडा त्याच्या डोक्यात होता, पण तो बोलायला जीभ रेटत नव्हती.

अशी बोलणी पुष्कळ घरांत होतात. यातलं एकेक म्हणणं आपण नीट पाहू.

रानात सोडणं म्हणजे काय

काकांचं म्हणणं वरवर सोपं वाटतं. आपल्याकडे असं करणारे लोक आहेतही. म्हातारं कुत्रं स्टेशनबाहेर सोडतात, बाजारात सोडतात, नदीकाठी सोडतात. मग मागं न बघता घरी येतात.

पण मागं राहिलेल्याचं काय होतं? त्याला उठता येत नाही. पाण्यापर्यंत जाता येत नाही. ऊन, पाऊस, माश्या, मुंग्या, दुसरी कुत्री, यांपासून पळता येत नाही. आणि ते आपल्या माणसांची वाट बघतं. त्याला मरण येतंच, पण उपासानं, तहानेनं, भीतीनं येतं. आपण पाहिलं नाही म्हणून ते दुःख कमी होत नाही. आपली सुटका झाली, त्याची झाली नाही.

कायदाही हेच सांगतो. जनावरांचा छळ थांबवण्याचा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी राज्यसभेत फार खटपट केली होती. या कायद्यानं पाळलेल्या जनावराची काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. भूक-तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे.

आणि आपली जुनी गोष्ट काय सांगते? महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गाच्या दारात पोचतो. बरोबर एक कुत्रं असतं. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि आत ये. धर्मराज म्हणतो, जो माझ्या आसऱ्याला आला त्याला मी सोडणार नाही. मुळगावच्या टेकडीवर आपण खंडोबाला जातो. त्या खंडोबाजवळही घोड्याबरोबर कुत्रा असतो. ज्यांना देवाजवळ जागा आहे, त्यांना आपण उकिरड्याजवळ कसं टाकावं?

तेव्हा पहिली गोष्ट ठरली. मरण द्यावं की न द्यावं, यावर दोन मतं होऊ शकतात. टाकून देण्याबद्दल दोन मतं होऊ नयेत.

आजीचा प्रश्न

आजीचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जीव घेणं ही मोठी गोष्ट आहे. तिनं ती मोठी मानली, हे चांगलंच आहे. हाच प्रश्न एकदा महात्मा गांधींच्या आश्रमात आला होता.

१९२८ सालची गोष्ट. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू फार आजारी पडलं. सगळे उपचार झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी हात टेकले. वासराला कूस बदलतानाही वेदना होत होत्या. गांधीजींना वाटलं, याला यातनांतून सोडवावं. पण त्यांनी एकट्यानं ठरवलं नाही. आश्रमातल्या मंडळींशी आणि शेजाऱ्यांशी बोलले. त्यात एकानं आजीसारखंच विचारलं, की जो जीव आपल्याला देता येत नाही तो घ्यावा कसा? गांधीजींनी त्याचं ऐकून घेतलं. पण त्यांना वाटलं, यात आपला काही स्वार्थ असता तर हा प्रश्न बरोबर लागू पडला असता. इथं स्वार्थ नाही. शेवटी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि स्वतः जवळ थांबून वासराला सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत सारं शांत झालं.

गांधीजींनी ही गोष्ट लपवली नाही. आपल्या साप्ताहिकांत लिहून प्रसिद्ध केली. लोक फार रागावले. अहिंसेचं नाव घेणारा माणूस वासराला मारतो, अशी पत्रं आली. त्यांनी त्यांनाही उत्तरं दिली.

त्याच लेखात त्यांनी पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांविषयीही लिहिलं होतं. माकडाला मारलं तर ते आपल्या फायद्यासाठी मारणं होईल. वासराचं तसं नव्हतं. ते त्याच्या सुटकेसाठी होतं. कृती सारखी दिसली तरी हेतू वेगळा, म्हणून न्यायही वेगळा.

म्हणजे आपण स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. हे कोणासाठी? त्याच्या सुटकेसाठी, की आमच्या सोयीसाठी?

कुत्रं म्हातारं झालं, घराची राखण होत नाही, म्हणून सुई द्या, असं म्हटलं तर ती दया नव्हे. घर बदललं, नव्या जागेत कुत्रं चालत नाही, म्हणून मरण द्या, ही तर सरळ सोय झाली. आंधळं झालेलं, बहिरं झालेलं, तीन पायांवर चालणारं कुत्रंही आनंदानं जगतं. त्याला मरण नको, आधार हवा.

उलट बाजूही पाहा. आम्हाला त्याच्याशिवाय करमणार नाही, म्हणून यातनांत ठेवून एकेक दिवस ढकलायचा, तीही आपलीच सोय झाली.

एखाद्याचा धर्म किंवा मन दयामरणाला तयार होत नसेल, तर त्यानं तसं करू नये. कोणाची सक्ती नाही. पण मग शेवटपर्यंत वेदना कमी करणारं औषध, पाणी, स्वच्छ अंथरूण आणि जवळ माणूस, एवढं त्याला द्यायला हवं. भोग आहेत म्हणून नुसतं बघत बसू नये.

पैशांचं बोलणं

मुलगा गप्प बसला होता. त्यानं बोलायला हवं होतं. गरिबाच्या घरात औषधाचा खर्च हा खरा प्रश्न आहे. त्याची लाज वाटू देऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारावं, "साहेब, आमची ऐपत एवढी आहे. एवढ्यात त्याला आराम पडेल असं काय करता येईल?" पुष्कळदा स्वस्त गोळीही वेदना कमी करते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं, मोठं रुग्णालय आहे. त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. जवळ इलाज न मिळाल्यास तिथं नेता येतं.

आजार बरा होण्यासारखा असेल, तर मरणाची घाई करण्याआधी या वाटा शोधाव्यात. आणि एका डॉक्टरच्या सांगण्यानं मन भरत नसेल, तर दुसऱ्याला दाखवावं.

सात गोष्टींचा हिशेब

वेळ आली की नाही, हे ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक तक्ता केला आहे. त्यात सात गोष्टी आहेत. प्रत्येक गोष्टीला शून्य ते दहा गुण द्यायचे. चांगलं असेल तर जास्त, वाईट असेल तर कमी.

१. वेदना. औषधानं वेदना आवरतात का? श्वास नीट घेता येतो का?
२. भूक. ते स्वतः खातं का? हातानं भरवलं तर खातं का?
३. पाणी. अंगात पाणी पुरेसं आहे का, की सुकत चाललं आहे?
४. स्वच्छता. ते स्वच्छ राहतं का? अंगावर जखमा पडल्या आहेत का?
५. आनंद. माणसं आली की त्याला बरं वाटतं का?
६. हालचाल. आधार दिला तर उठतं का, चालतं का?
७. बरे दिवस. बरे दिवस जास्त आहेत की वाईट?

सातही गोष्टींना दहा-दहा मिळाले तर बेरीज सत्तर होते. बेरीज पस्तिसाच्या वर असेल, तर काळजी घेत राहावं. पस्तिसाच्या खाली उतरू लागली, तर डॉक्टरांशी पुढचं बोलावं.

मोत्याचे गुण मांडून पाहू. वेदना १, भूक १, पाणी ४, स्वच्छता २, आनंद ३, हालचाल १, बरे दिवस १. बेरीज तेरा झाली.

हा तक्ता म्हणजे काही न्यायाधीश नव्हे. पण रोज रात्री वहीत सात आकडे लिहिले, तर आठ-दहा दिवसांत चित्र स्पष्ट होतं. एखाद्या दिवशी शेपटी हलली म्हणून फसगत होत नाही. एखादी रात्र वाईट गेली म्हणून घाईही होत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून गुण द्यावेत. आजीचं मत, सुनेचं मत, नातीचं मत, सारी एका वहीत येतात. मग निर्णयाचा भार एकाच्या डोक्यावर पडत नाही.

सुई कशी देतात

लोकांना भीती वाटते ती न कळल्यामुळे. म्हणून हेही समजून घेऊ.

हे काम फक्त शिकलेल्या, नोंदणी झालेल्या पशुवैद्यानंच करायचं. बहुधा डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात. जनावर शांत होतं, डोळे जड होतात. मग शिरेतून भुलीच्या औषधाची फार मोठी मात्रा देतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतात तसंच हे. आधी शुद्ध जाते. मग श्वास थांबतो. मग हृदय थांबतं. हे सारं काही मिनिटांत होतं. शुद्ध आधीच गेलेली असल्यानं पुढचं त्याला कळत नाही.

शेवटी डोळे उघडे राहतात. एखादा खोल श्वास येतो, अंग किंचित हलतं, लघवी होते. हे पाहून घाबरू नये. ती वेदना नव्हे. डॉक्टर छातीला नळी लावून खात्री करून घेतात.

कायद्यालाही ही गोष्ट परकी नाही. ज्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता होईल, त्याला यातनांतून सोडवण्याची तरतूद १९६० च्या कायद्यातही आहे. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ साली नियम झाले. त्यांतही असाध्य आजाराच्या किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पशुवैद्याकडून, हाल न करता मरण द्यावं, असं आहे.

मात्र घरी कधीही विष घालू नये. ते फार क्रूर मरण आहे आणि गुन्हाही आहे. माणसाच्या वेदनेच्या गोळ्याही मनानं देऊ नयेत. तापावरची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव हाल करून घेते. गाय-बैलांचे कायदे वेगळे आहेत. त्यांच्याबाबत सरकारी पशुवैद्याला विचारल्याशिवाय काहीच करू नये.

आणखी एक सूचना. कुत्रं एकाएकी चवताळलं, लाळ गाळू लागलं, पाणी गिळता येईना, आवाज बदलला, तर ते पिसाळलेलं असू शकतं. अशा वेळी मायेनं जवळ घेऊ नये. दार लावून डॉक्टरांना कळवावं. चावलं किंवा ओरखडलं असेल, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

त्या दिवशी आपण काय करावं

जमेल त्यानं जवळ थांबावं. डोक्यावर हात ठेवावा. रोजच्या नावानं, रोजच्या आवाजात बोलावं. आयुष्यभर ज्या आवाजाला ते धावत आलं, तोच शेवटी कानावर पडू द्यावा. ज्याला बघवत नाही त्यानं आधी निरोप घेऊन बाहेर बसावं. त्यात कमीपणा नाही. पण घरातलं एक तरी माणूस जवळ असावं.

मुलांना खरं सांगावं. "गावाला पाठवला", "पळून गेला" असं सांगू नये. मूल वाट बघत राहतं, आणि खरं कळलं म्हणजे आपल्यावरचा विश्वास जातो. "झोपवला" असंही लहान मुलाला सांगू नये. त्याला स्वतःच्या झोपेची भीती बसते. "मोत्या फार आजारी होता. बरा होणार नव्हता. त्याला फार दुखत होतं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला. आता त्याला दुखत नाही." एवढं पुरे.

देहाची व्यवस्थाही नीट करावी. सुई देऊन गेलेल्या जनावराच्या अंगात औषध राहतं. ते देह उघड्यावर पडला तर घारी, कावळे, दुसरी कुत्री खातात आणि मरतात. म्हणून उकिरड्यावर टाकू नये. उल्हास नदीत किंवा वालधुनीत तर मुळीच टाकू नये. उल्हासचं पाणी आपणच पितो. स्वतःची जागा असेल तर विहिरीपासून दूर, कमरेपेक्षा खोल खड्डा करून पुरावं. जागा नसेल तर आपल्या गावच्या नगरपरिषदेत किंवा महापालिकेत आधीच चौकशी करून ठेवावी. चाळीत, इमारतीत राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

मागं राहिलेलं दुःख

नंतर काही दिवस घर सुनं वाटतं. भाकरीचा तुकडा हातात राहतो. दार उघडताना पाय आपोआप जपून पडतो. "कुत्र्यासाठी काय रडायचं!" असं कोणी म्हटलं, तर मनावर घेऊ नये. ज्याच्याबरोबर तेरा वर्षं काढली त्याच्यासाठी रडू येणारच.

त्याहून एक बोच जास्त सलते. घाई तर केली नाही? की उशीर केला? असं मन विचारत राहतं. आम्ही एवढंच सांगू, की नेमकी घटका कोणालाच सापडत नाही. डॉक्टरांना विचारलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं, त्याचं दुखणं पाहून ठरवलं, तर तो निर्णय खोटा नव्हे. सात गोष्टींची वही अशा वेळी पुन्हा उघडून पाहावी. त्यातले आकडे आपल्याच हातचे असतात. मन सावरतं.

ज्या घराची गोष्ट आपण पाहिली, तिथंही असंच झालं असं समजू. आठ रात्री वही लिहून झाल्यावर आजीच म्हणाली, "बोलाव रे डॉक्टरांना. त्याला धरून मी बसते." आजीनं आपला विचार सोडला नाही. जीव मोठा आहे असंच ती मानत होती. म्हणूनच त्या जिवाची तळमळ तिला बघवली नाही.

जनावर पाळलं त्या दिवशीच आपण त्याच्या शेवटाचीही जबाबदारी घेतलेली असते. पिल्लू घरी आणताना कोणी हा विचार करत नाही. करायला हवा. भाकरी देणं सोपं आहे. निरोप देणं अवघड आहे. पण दोन्ही एकाच मायेची कामं आहेत.

विचार करा आणि चर्चा करा

१. काकांच्या सल्ल्यानं कोणाची सुटका झाली असती?
२. गांधीजींनी वासराची आणि माकडाची गोष्ट वेगळी का मानली?
३. आपल्या घरच्या जनावराला आज सात गोष्टींचे गुण द्या. बेरीज किती झाली?
४. आपल्या भागातला जनावरांचा दवाखाना कुठं आहे? त्याचा पत्ता वहीत लिहून ठेवा.
५. पाळलेलं जनावर मेलं, तर आपल्या गावात त्याची व्यवस्था कोण करतं? चौकशी करून शेजाऱ्यांनाही सांगा.